आधी बॉल वाचा, सही नंतर: जुन्या सहीवाल्या बेसबॉलचं खरं-खोटं आणि किंमत

परवा रात्री साडेदहाला एका मित्राचा फोन. त्याने न्यू जर्सीत एक जुनं घर घेतलंय, साफसफाई चालू होती. "अरे दादा, अ‍ॅटिकमध्ये बुटांच्या खोक्यात एक बॉल सापडलाय, वीसेक सह्या आहेत, न्यूयॉर्क यँकीजच्या स्टार मिकी मँटलची पण आहे, नेटवर बघितलं तर हजारो डॉलर दाखवतंय, काय करू?" मी म्हटलं सगळ्यात आधी तो पुसू नकोस. तर म्हणतो, बायको ओला टिश्यू घेऊन शेजारीच उभी आहे. थोडक्यात वाचला बॉल.

त्याला फोनवर जे तासभर सांगितलं तेच इथे लिहून काढतोय, कारण अमेरिकेतल्या आपल्या लोकांना गराज सेलमध्ये, जुन्या घरात, शेजारच्या आजोबांकडून असे बॉल मिळतात आणि मग एकतर लॉटरी लागल्यासारखं नाचतात नाहीतर पोराला खेळायला देऊन टाकतात. मी काही एक्स्पर्ट नाही, दहा-बारा वर्षं हा नाद आहे आणि फी भरून शिकलोय एवढंच.

फी कशी भरली ते ऐका. पेनसिल्व्हेनियातल्या एका फ्ली मार्केटमध्ये मी रॉबर्टो क्लेमेंटेच्या सहीचा बॉल घेतला. पिट्सबर्गच्या टीमचा खेळाडू क्लेमेंटे, ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं विमान समुद्रात पडलं त्यात गेला, ३८ वर्षांचा होता, त्यामुळे त्याच्या सह्या कमी आणि भाव जास्त. मी स्वतःला फार हुशार समजत होतो म्हणून बॉलवरचं छापील नाव बघितलं, नॅशनल लीगचा (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) प्रेसिडेंट चब फीनी, तो १९७० ला आला, म्हणजे क्लेमेंटेच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत बसतंय, सर्टिफिकेट पण होतं, दिले पैसे. घरी येऊन भिंग लावलं तर कंपनीचं नाव रॉलिंग्स. आणि नॅशनल लीगचा अधिकृत बॉल १९७६ पर्यंत स्पाल्डिंगच्या नावाचा असायचा, रॉलिंग्स आलं १९७७ मध्ये. म्हणजे माणूस गेल्यावर चार-पाच वर्षांनी तयार झालेल्या बॉलवर त्याची सही! सही दिसायला अप्रतिम होती हो, आजही सही बघून मला ओळखता येणार नाही. बॉलनेच पितळ उघडं पाडलं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. सहीकडे बघूच नका. निदान पहिला अर्धा तास तरी नाही. बॉल वाचा. सहीची नक्कल करणारा माणूस हाताने कितीही तयार असला तरी त्याला योग्य वर्षाचा कोरा बॉल मिळवावा लागतो, आणि ते अवघड आणि महाग काम आहे, तिथेच बहुतेक जण घसरतात.

वाचायचं काय? अधिकृत बॉलवर लीगच्या प्रेसिडेंटचं नाव त्याच्या सहीच्या स्टाइलमध्ये छापलेलं असतं. तेच तुमचं कॅलेंडर. अमेरिकन लीगमध्ये बॅन जॉन्सन १९२७ पर्यंत, मग अर्नेस्ट बर्नार्ड १९३१ पर्यंत, मग विल हॅरिज १९५९ पर्यंत (याचे बॉल सगळ्यात जास्त बघायला मिळतील कारण गडी २८ वर्षं खुर्चीवर होता), जो क्रोनिन १९७३ पर्यंत, ली मॅकफेल १९७४ ते ८३, बॉबी ब्राउन १९८४ ते ९४ आणि शेवटी जीन बुडिग. नॅशनल लीगला जॉन हेडलर १९१८ ते ३४, फोर्ड फ्रिक १९५१ पर्यंत, वॉरन जाइल्स १९६९ पर्यंत, चब फीनी १९७० ते ८६, मग बार्ट जियामाटी, बिल व्हाइट आणि लेन कोलमन. २००० पासून दोन्ही लीगचा बॉल एकच झाला आणि त्यावर कमिशनर, म्हणजे दोन्ही लीगचा वरचा प्रमुख, बड सेलिगचं नाव यायला लागलं, २०१५ पासून रॉब मॅनफ्रेडचं. म्हणजे १९४८ ला गेलेल्या बेब रूथची सही सेलिगच्या बॉलवर असेल तर चहा प्या आणि झोपा. (हसू नका, असे बॉल विकायला असतात.)

एक गंमत इथेच सांगतो. हा बॉबी ब्राउन आधी यँकीजकडून थर्ड बेस खेळायचा, नंतर हार्ट स्पेशालिस्ट डॉक्टर झाला आणि मग लीगचा प्रेसिडेंट. त्यामुळे १९५० च्या टीम बॉलवर त्याची पेनाने केलेली सही असू शकते आणि १९८५ च्या बॉलवर त्याचंच छापील नाव. नवीन माणूस हमखास गोंधळतो.

छाप पुसट असेल तर बॉल खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा, शाई गेली तरी दाबाचा ठसा बऱ्याचदा राहतो. मग कंपनी: अमेरिकन लीगला सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत रीच, नॅशनलला स्पाल्डिंग, १९७७ पासून दोन्हीकडे रॉलिंग्स. मग चामडं, १९७४ च्या आधी घोड्याचं, नंतर गाईचं, पण हा फरक डोळ्यांनी ओळखायला सराव लागतो, फोटोवरून तर विसराच. शिवण मात्र कोणालाही बघता येते. १९३४ च्या आधी अमेरिकन लीगच्या बॉलची शिवण लाल-निळ्या दोऱ्याची आणि नॅशनलची लाल-काळ्या दोऱ्याची असायची, नंतर सगळी लाल. १९२७ च्या यँकीजचा म्हणून अमेरिकन लीगचा अधिकृत बॉल कोणी दाखवला आणि त्यावर सगळी लाल शिवण असली की पुढे बोलायची गरज नाही.

आणि बॉलवर प्रेसिडेंटच नसेल तर? मग तो दुकानातला साधा बॉल. त्यावर खरी सही असूच शकते, पोरं स्टेडियमबाहेर हातात जो बॉल असेल तोच पुढे करायची, पण तुमचं कॅलेंडर गेलं आणि किंमतही उतरली.

आता सही. थांबा, अजून नाही. आधी ती सही पेनाची आहे का ते बघा. स्टेडियममध्ये आठवण म्हणून छापील सह्यांचे बॉल विकायचे, अख्ख्या टीमच्या सह्या, आणि अ‍ॅटिकमध्ये सापडणाऱ्या बॉलमध्ये हेच सगळ्यात जास्त निघतात. ओळखायचं सोपं आहे: सगळ्या सह्या एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या, ओळीत नीट बसवलेल्या, कुठेही पेन जोरात टेकलेलं नाही, कुठे शाई दाट कुठे विरळ असं काही नाही. वीस खेळाडू इतक्या शिस्तीत कधीच सही करत नाहीत.

पेनाची असेल तर पेन कुठलं? इथे एक तारीख पाठ करा, २९ ऑक्टोबर १९४५. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या गिंबेल्स दुकानात रेनॉल्ड्सचं बॉलपेन विक्रीला आलं, साडेबारा डॉलरला एक, आणि लोकांची झुंबड उडाली. त्याआधी इथे सामान्य माणसाच्या खिशात फाउंटन पेन किंवा टाक. आता यँकीजचा लू गेरिग गेला २ जून १९४१ ला. हॅरिजचा बॉल त्याच्या काळात बसतो, शिवण बसते, सगळं बसतं, पण सही बॉलपेनने असेल तर खेळ खलास. रूथ मात्र १६ ऑगस्ट १९४८ ला गेला, म्हणजे शेवटच्या तीन वर्षांतली बॉलपेनची सही शक्य आहे, तिथे घाई करून खोटी ठरवू नका. मार्कर पेनं पन्नाशीच्या दशकात आली, शार्पी तर १९६४ चं. तसंही शार्पी बॉलवर चांगलं नाही, चामड्यात पसरतं आणि कडा फुटल्यासारखी दिसते.

मग दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, अगदी साधं चालतं, आणि शाई आणि चामड्याचं नातं बघा. जुन्या चामड्याला बारीक भेगा पडतात. सही जुनी असेल तर भेग सहीला तोडून जाते, शाई भेगेच्या दोन्ही बाजूंना राहते. सही नवी आणि बॉल जुना असेल तर ओली शाई भेगेत उतरते, ओढ्यात पाणी शिरावं तशी. तसंच मळाचं, डाग सहीच्या वर आहे की सही डागाच्या वर? आणि बॉल पिवळा-तपकिरी चकचकीत असेल तर त्याला शेलॅक लावलेलं असणार, आपल्याकडे सुतार वापरतो ते लाखेचं पॉलिश. पूर्वी लोक सही टिकावी म्हणून चांगल्या मनाने लावायचे, सही टिकायची पण बॉलचा रंग जायचा, पापुद्रे सुटायचे, आणि त्यामुळे भाव पडतो. पण लबाड लोकही नवा माल जुना दिसावा म्हणून हेच लावतात, तेव्हा शेलॅक म्हणजे जुना असं समजू नका.

इतकं पार पडलं तरच सहीचं वळण. आणि इथे एक चूक सगळे करतात, नेटवरून त्या खेळाडूची कुठलीतरी एक सही काढतात आणि जुळवतात. माणसाची सही आयुष्यभर एक राहते का? तुमची दहावीच्या हॉल तिकिटावरची सही आणि आजची बँकेतली बघा. मँटलची १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची सही साधी, शाळकरी पोरासारखी आहे, नंतरची ती गोल वळणाच्या ऐटबाज एम वाली. रूथ सुरुवातीला बेब हा शब्द अवतरणचिन्हांत लिहायचा, विसाच्या दशकाच्या शेवटाकडे ती चिन्हं सोडून दिली. म्हणून बॉलचं वर्ष आधी काढायचं आणि त्याच वर्षांच्या आसपासच्या खात्रीच्या सह्या समोर ठेवायच्या, एक नाही, दहा-पंधरा. अक्षरं जुळतात का यापेक्षा वेग बघा. रोज शंभर सह्या करणारा माणूस झरझर लिहितो, रेघ सुरू होताना आणि संपताना निमुळती होते. नक्कल करणारा चित्र काढतो, हळू, मध्येच थांबतो, तिथे शाईचा ठिपका पडतो, रेघ थरथरते.

काहींच्या बाबतीत तर सहीच नसायची. शूलेस जो जॅक्सन या जुन्या खेळाडूला धड लिहिता-वाचता येत नव्हतं, बरीच पत्रं आणि सह्या त्याची बायको करायची. त्याची स्वतःची सही बॉलवर मिळणं म्हणजे जवळपास अशक्य गोष्ट.

टीम बॉलवर वेगळी मजा असते, कारण नावंच तारीख सांगतात. मँटल आणि जो डिमॅजिओ दोघंही खेळाडू म्हणून एका यँकीज टीम बॉलवर असतील तर साल १९५१, दुसरं असूच शकत नाही, मँटलचा पहिला सीझन आणि डिमॅजिओचा शेवटचा. मित्राला मी फोनवर नावं वाचायला लावली. मधल्या मोक्याच्या जागी, ज्याला स्वीट स्पॉट म्हणतात, जिथे दोन शिवणी सगळ्यात जवळ येतात, तिथे केसी स्टेंगल, बरोबर, टीम बॉलवर ती जागा मॅनेजरची. मग योगी बेरा, फिल रिझुटो, एल्स्टन हॉवर्ड. हॉवर्ड यँकीजकडे आला १९५५ मध्ये आणि रिझुटोला काढलं ऑगस्ट १९५६ मध्ये. म्हणजे बॉल या दोन सीझनमधला. छापील नाव हॅरिज, कंपनी रीच, शाई बॉलपेनची निळी. सगळं जुळत होतं आणि माझेच हात थरथरायला लागले होते.

मग त्याने क्लोज-अप फोटो पाठवले आणि इथेच पाणी मुरत होतं. मँटलची सही आणि खालच्या दोन कमी नावाजलेल्या खेळाडूंच्या सह्या एकाच हाताच्या. याला क्लबहाउस सही म्हणतात. ड्रेसिंग रूममध्ये रोज डझनावारी बॉल सहीसाठी यायचे, स्टार लोकांना कंटाळा यायचा, मग तिथली सामान सांभाळणारी मंडळी त्यांच्या नावाने सही ठोकून द्यायची. फसवणूक म्हणून नाही, काम उरकायचं म्हणून. काळ तोच, बॉल तोच, पेनही तेच, फक्त हात दुसरा. म्हणून ही ओळखायला सगळ्यात कठीण, आणि किंमत मात्र धाडकन खाली येते कारण अशा बॉलचे अर्धे पैसे एका मँटलचेच असतात.

आता कागदपत्रं. विकणाऱ्यानेच दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे दूधवाल्यानेच दुधात पाणी नाही असं लिहून देणं. माझ्या क्लेमेंटेबरोबर पण सोनेरी कडांचं मिळालं होतं. बाजारात ज्याला किंमत आहे ते तीन तपासणी कंपन्यांचं मत: पीएसए, जेएसए आणि बेकेट. आणि ते मतच असतं, तेही चुकतात, पण घेणारा त्यांच्याशिवाय हात लावत नाही. त्यांच्यापैकी काहींकडे नुसत्या फोटोवरून स्वस्तात प्राथमिक मत पण मिळतं, महागाच्या तपासणीला पाठवण्याआधी ते जरूर घ्या. पूर्ण तपासणीची फी खेळाडूप्रमाणे बदलते, रूथची जास्त, साध्या खेळाडूची कमी, त्यामुळे चाळीस डॉलरच्या बॉलला शंभर डॉलरची तपासणी असला प्रकार करू नका. उलट तुम्ही घेत असाल आणि पत्र आधीच असेल तर त्यावरचा नंबर त्या कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो हातातल्या बॉलशी जुळवा, कारण स्टिकर पण खोटे छापतात.

एमएलबीचा, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचा, स्वतःचा होलोग्राम स्टिकर असतो, पण तो २००१ पासूनचा आहे आणि त्यांचा माणूस समोर उभा असताना जे झालं त्यालाच लागतो. जुन्या सहीला त्याचा उपयोग शून्य. तो सुरू का झाला ती कथा भारी आहे. नव्वदच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांच्या धंद्याविरुद्ध सॅन डिएगोतून ऑपरेशन बुलपेन चालवलं. टोनी ग्विन या तिथल्याच खेळाडूला आपल्याच टीमच्या दुकानात आपलीच खोटी सही सापडली होती. धाडी पडल्या तेव्हा रूथ, मँटल तर निघालेच, पण सोबत मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉल पण निघाले. कोलकात्यात बसून मदर तेरेसा बेसबॉलवर सह्या करतायत, आणि तेही खपत होतं. लोकांना विश्वास ठेवायचाच असला की काहीही खपतं.

किंमत कशी काढायची. ईबेवर मागितलेला भाव बघू नका, मागायला काय, कोणी दहा हजार मागेल. विकले गेलेले भाव असा फिल्टर लावा, आणि हेरिटेज, हंट वगैरे ऑक्शनवाल्यांच्या साइटवर जुने निकाल असतात ते बघा. ऑक्शनच्या भावात घेणाऱ्याचं कमिशन साधारण वीस टक्के धरलेलं असतं, म्हणजे विकणाऱ्याच्या हातात तेवढे येत नाहीत. डीलरकडे गेलात तर बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास ऐकायची तयारी ठेवा, त्याला दुकान चालवायचंय.

भाव नावावर नाही, नाव भागिले पुरवठा यावर ठरतो. मँटल, डिमॅजिओ, टेड विल्यम्स यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकात पैसे घेऊन शोमध्ये ढिगाने सह्या केल्या, त्यामुळे दिग्गज असूनही त्या काळातला बॉल परवडण्यासारखा असतो. पीट रोझ तर वर्षानुवर्षं लास वेगासमध्ये टेबल टाकून बसायचा, बेसबॉलवर सट्टा लावला म्हणून सॉरी असं लिहून पण सही द्यायचा, आणि तो सॉरीवाला बॉल साध्या सहीपेक्षा महाग! उलट लवकर गेलेला किंवा सहीचा कंटाळा असलेला माणूस महाग. सही स्वीट स्पॉटवर आणि एकटीच असेल तर वरचा भाव, बाजूच्या पॅनलवर असेल तर कमी. "बिलीला प्रेमपूर्वक" असं कोणाचं नाव लिहिलं असेल तर कमी. शाई फिकी, कमी. त्याच माणसाचे दोन बॉल, एक पांढरा आणि गडद, दुसरा तपकिरी आणि पुसट, यांच्यात दहापट फरक पडू शकतो.

आणि वरच्या टोकाला इतिहास विकला जातो. १९३३ च्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यात रूथने होमरन मारला तो बॉल, त्याच्या सहीसकट, २००६ मध्ये ८ लाख ५ हजार डॉलरला गेला. शोहेई ओतानीचा ५० वा होमरनवाला २०२४ मध्ये ४३ लाख ९२ हजारला, आणि त्यावर सही पण नाही. तेव्हा हे आकडे वाचून आपल्या अ‍ॅटिकमधल्या बॉलचा हिशोब मांडू नका, तो वेगळा बाजार आहे.

सांभाळायचं: पुसू नका, खोडरबर नाही, दूध नाही, हेअरस्प्रे तर अजिबात नाही, आणि फिकी सही पेनाने गिरवणं म्हणजे बॉलचा खून. अंधार, कोरडी पण फार कोरडी नाही अशी जागा, यूव्ही अडवणारा प्लास्टिकचा क्यूब. देवघराशेजारी खिडकीत शोभेला ठेवलेला एक बॉल मी बघितलाय, आठ वर्षांत सही गायब.

विकलात तर टॅक्स लक्षात ठेवा, अमेरिकेत वर्षावर ठेवलेल्या अशा संग्राह्य वस्तूच्या नफ्यावर फेडरल दर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरसारखा नाही. तुमच्या सीएला, म्हणजे इथल्या सीपीएला विचारा.

मित्राचं काय झालं? फोटोवरून आलेलं मत माझ्यासारखंच, मँटल क्लबहाउस, बाकी बेरा, रिझुटो, हॉवर्ड, स्टेंगल खरे वाटतात. काही शे डॉलरचा बॉल, हजारोंचा नाही. मी त्याला म्हटलं पूर्ण तपासणीला पाठवण्याआधी एक काम कर, घर ज्यांच्याकडून घेतलं त्या बाईंना फोन कर, मुळात बॉल त्यांचा आहे आणि तो कुठून आला हे सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. त्याने केला. बाई म्हणाल्या ठेव तूच, आणि आठवड्याने हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र आलं, वडील स्टेडियमजवळ बेकरीत कामाला होते, क्लबहाउसमध्ये पाव पोचवायचे, कोणीतरी खिडकीतून हा बॉल दिला, वगैरे. खाली सही आणि तारीख. ते पत्र आता बॉलच्या क्यूबखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, आणि वहिनींनी टिश्यूचा डबा त्या कपाटापासून लांब ठेवलाय असं कळतं.